दगडाची बोंब

सोनं शोधणाऱ्यांच्या बोलीत ‘हॉट रॉक’ असा एक शब्द आहे. हॉट म्हणजे गरम. पण हा दगड हातात घ्यावा तर विहिरीतल्या पायरीसारखा गार. व्हिक्टोरियाच्या रानात, तिकडच्या जुलैच्या थंडीत मी जेवढे उचलले तेवढे सगळे गारच निघाले. गरम होतं ते यंत्र. मेटल डिटेक्टर त्या दगडावरून गेला की कानात असा काही सूर लागतो की वाटावं, आता नशीब फळफळलं. माणूस गुडघ्यावर बसतो, कुदळ मारतो, माती उपसतो आणि हाताला येतो एक काळा नाहीतर तांबूस दगड. ना सोनं, ना खिळा, ना पत्रा. आमच्या माणदेशात अशा प्रकाराला सरळ ‘बोंब’ म्हणतात.

माझा धाकटा ऑस्ट्रेलियात बेंडिगोला नोकरीला आहे. त्याच्याकडं मी दोनदा तीन-तीन महिने राहून आलो. बेंडिगो, डनॉली, टार्नागुल्ला, इंगलवुड, वेडरबर्न हा सगळा पट्टा सोन्याचा. १८५१ साली तिथं सोन्याची झुंबड उडाली आणि जगभरातून माणसं आली. आज त्या रानात जिकडं बघावं तिकडं जुने खड्डे आणि मातीचे ढिगारे, त्यांच्यात वाढलेली निलगिरीच्या जातीची काळ्या सालीची झाडं. डनॉलीजवळ मोलियागल म्हणून गाव आहे. तिथं १८६९ साली दोघा कॉर्निश माणसांना झाडाच्या मुळाशी, दोनेक बोटं मातीखाली सत्तर किलोंच्या आसपास वजनाचा गोळा सापडला. तो बँकेच्या तराजूत मावेना, म्हणून ऐरणीवर ठेवून तोडला. सोन्याचं नशीब बघा, आधी घण आणि मग वजन. आणि हे सगळं संपलं असं लोकांना वाटत होतं, तेव्हा १९८० साली किंगोवरला एका माणसाला डिटेक्टरनं सत्तावीस किलोंचा गोळा मिळाला. म्हणून अजूनही शनिवार-रविवारी लोक कानाला हेडफोन लावून रानात फिरतात. सरकारकडून त्यांना परवाना मिळतो, दहा वर्षं चालतो. अट एवढीच, की हातानं खणायचं आणि खणलेला खड्डा बुजवायचा.

धाकट्याच्या शेजारी माझ्याच वयाचा एक म्हातारा राहतो. रेल्वेतून निवृत्त झालेला, बायको गेलेली, बोलणं कमी. त्याच्याबरोबर मी जायचो. माझं इंग्रजी शाळामास्तराचं, त्याचं तोंडातल्या तोंडात. तरी जमलं. दोन म्हाताऱ्यांना रानात फार बोलायला लागत नाही.

तर प्रश्न असा, की तो दगड खोटं बोलतो का?

मी पहिल्या दिवशी हाच शब्द वापरला. ‘लायर’ म्हणालो दगडाला. म्हातारा हसला नाही. म्हणाला, “दगड काही बोललेला नाही. यंत्र बोललं. आणि यंत्राला काय बोलायचं ते मी सकाळी शिकवलंय.” त्याचं म्हणणं मला तेव्हा नीट कळलं नाही. मग त्यानं दुपारी चहा पिता पिता काटकीनं मातीत रेघा ओढून समजावलं.

यंत्राच्या खालच्या थाळीत तारेचं वेटोळं असतं. त्यात सेकंदाला शेकडो वेळा वीज सोडायची आणि पटकन तोडायची. वीज तोडली की खाली धातू असेल तर त्याच्या अंगात क्षणभर वीज घुमत राहते आणि तिचा पडसाद थाळीला ऐकू येतो. सोनं असो, शिशाची गोळी असो, शंभर वर्षांपूर्वीच्या खाणमजुराच्या बुटाचा खिळा असो, धातू आपला पडसाद देतोच. पण मातीही मुकी नसते. तिच्यात लोखंडाच्या गंजाचे बारीक कण असतात, त्यातले काही चुंबकाला दाद देतात. वरून चुंबकाचा जोर निघून गेला तरी ते कण लगेच जागेवर बसत नाहीत. सभा उठल्यावर माणसं पारावर रेंगाळतात, तसे रेंगाळतात. ते रेंगाळणंही यंत्राला ऐकू येतं. म्हणजे नुसत्या मातीवरही यंत्र सारखं गुणगुणत राहील.

यावर उपाय काय? तर रानात गेल्यावर आधी जिथं धातू नाही अशी जागा बघायची, थाळी खाली-वर खाली-वर करायची आणि आवाज बंद होईपर्यंत यंत्राला त्या मातीची सवय लावायची. तिकडं त्याला ‘ग्राउंड बॅलन्स’ म्हणतात. म्हणजे यंत्राला सांगायचं, की बाबा रे, ही जी माती आहे ना, हिला काहीच नाही असं समज. इथून पुढं जे हिच्यापेक्षा वेगळं असेल तेवढंच मला सांग.

आणि हॉट रॉक म्हणजे काय, तर त्या मातीपेक्षा वेगळा दगड. त्याच्यात लोखंडी कण जास्त असतील किंवा वेगळ्या जातीचे असतील, एवढंच. तोच दगड उचलून, जिथं सगळी जमीनच त्याच्यासारखी आहे तिथं नेऊन टाका आणि यंत्र त्या जमिनीशी जुळवा. तो गप्प. आता त्याच्या शेजारी एखादा साधा, फिकट दगड ठेवा, तर यंत्र त्याच्यावर कुरकुरेल. गरमपणा दगडात नाहीच. तो दगडाच्या आणि शेजाऱ्यांच्या मधल्या फरकात आहे. आणि त्या फरकाला आवाज दिलाय, सकाळी शांतता कशाला म्हणायचं हे ज्यानं ठरवलं त्यानं.

आमच्याकडचं सगळं रान काळ्या दगडाचं. लहानपणी फुटक्या रेडिओच्या कर्ण्यातलं चुंबक काढून आम्ही ओढ्याच्या वाळूत फिरवायचो. काळ्या भुकटीची दाढी त्याला लगडायची. आम्ही तिला ‘लोखंडाची राख’ म्हणायचो आणि कागदावर घेऊन खालून चुंबक फिरवून नाचवायचो. ओढ्यात सगळीकडं ती होती म्हणून तिचं कुणाला काही वाटत नव्हतं. हे आठवलं आणि म्हाताऱ्याला म्हणालो, आमच्या बांधावरचा एक धोंडा आणून इथं टाकला तर तुझं यंत्र वेडं होईल. तो म्हणाला, विमानतळावरच अडवतील, मातीचा कणसुद्धा आत येऊ देत नाहीत. तेही खरं. सोनाराची कसोटी पण काळ्या दगडाचीच. आमच्याकडं काळा दगड सोन्याचा न्याय करतो, तिकडं तोच आरोपी.

आरोपी हा शब्द आला आणि मला गावातली एक गोष्ट सांगावीशी वाटते.

मी तेव्हा सातवीत होतो. गावाबाहेर माळावर पारध्यांची चार-पाच पालं असायची. सुगी झाली की यायची, पावसाच्या तोंडाला जायची. बायका भाकरी मागायला येत, गडी तितरांना फासे लावत. या लोकांना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा कायदा इंग्रजांनी १८७१ साली केला आणि पुढं तो आमच्या मुलखालाही लागू केला. स्वातंत्र्य आल्यावर १९५२ साली तो रद्द झाला. दिल्लीत रद्द झाला. गावात कुणी कुणाच्या मनातून काय रद्द करतं?

त्या वर्षी एका बड्या घरच्या विहिरीवरून इंजिनाचा पट्टा गेला. सकाळी बोभाटा झाला आणि दुपारपर्यंत गावाची नजर माळाकडं लागली. कुणी पारध्याला विहिरीवर बघितलं नव्हतं. पट्टा पालात सापडला नव्हता. कुणी झडतीसुद्धा घेतली नाही. आमचे आबा पारावर म्हणाले, “आरं, त्यो पट्टा घिऊन करंल काय? त्याच्याकडं इंजन हाय व्हय?” लोक हसले. पण हसून झाल्यावर पुन्हा तिकडंच बघायला लागले. तिसऱ्या प्रहरी जीप आली आणि दोघा गड्यांना घेऊन गेली. चौथ्या दिवशी ते परत आले. थोरला होता त्याला पाय टेकता येत नव्हता.

पुढं महिन्याभरानं कळलं, की पट्टा मालकाच्याच पुतण्यानं बाजारच्या गावी नेऊन विकला होता. पत्त्यात पैसे हरला होता. ते घरातल्या घरात मिटलं. पट्टा गुपचूप परत आला, इंजिन फकफकायला लागलं. पालावर जाऊन कुणी एवढंसुद्धा सांगितलं नाही, की बाबांनो, चोर सापडला. आईनं त्यांच्या बाईला त्या दिवशी दोन भाकरी जास्त घातल्या, तेवढंच.

व्हिक्टोरियाच्या रानात मला हे आठवायचं कारण असं. म्हातारा दिवसाला चाळीस-पन्नास वेळा फसायचा. म्हणजे आपण फसला म्हणू, तो म्हणत नव्हता. आवाज आला की तो आधी थाळी आडवी, मग उभी फिरवून बघायचा. मग थोडी वर उचलायचा. दगडाचा आवाज बहुधा झटकन विरतो, धातूचा बेताबेतानं. मग बुटानं वरची माती खरडायची आणि पुन्हा ऐकायचं. कुदळीच्या दांड्याला त्यानं चुंबक बसवलं होतं, त्याला दगड लागतो का बघायचं. आणि एवढं करूनही मनात शंका उरली तर खणायचं. दगड निघाला तर बाजूला टाकायचा, खड्डा बुजवायचा, पुढं. आवाज आला म्हणजे सोनं सापडलं असं त्या रानात कुणी म्हणत नाही. आवाज आला म्हणजे वाकायचं काम आलं, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या गावानं पालावर वाकून बघितलंच नाही. आवाज हाच पुरावा धरला.

हे मी म्हाताऱ्याला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं मला यंत्रातली आणखी एक खोड दाखवली. ती बघितल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

रान एकसारखं नसतं. दहा पावलांवर माती बदलते. मजुरांनी कधी काळी चूल पेटवली असेल त्या जागेची मातीसुद्धा भाजून चुंबकाला जास्त दाद द्यायला लागते आणि पिढ्या उलटल्या तरी कुरकुरते. म्हणून नव्या यंत्रांत अशी सोय असते, की तुम्ही चालत राहा, यंत्र आपोआप खालच्या मातीशी जुळवून घेत जाईल. सोय फार चांगली. पण समजा खाली खोल कुठंतरी सोन्याचा बारीक दाणा आहे, त्याचा अगदी हलका सूर आला. तुम्हाला खात्री वाटेना, म्हणून तुम्ही थाळी त्याच जागेवरून पुन्हा फिरवली. पुन्हा फिरवली. पाच वेळा, सहा वेळा. यंत्राला वाटतं, हीच इथली माती. ते त्या सुराशीही जुळवून घेतं. सूर बारीक होत होत बंद पडतो. तुम्ही म्हणता, काही नव्हतं, भास झाला. आणि पुढं जाता. दाणा तिथंच असतो. म्हणून जाणता माणूस हलका सूर आला की आधी ती आपोआप जुळवायची सोय बंद करतो आणि मग ऐकतो.

हॉट रॉकच्या बोंबेनं माणूस फार तर वैतागतो. ही दुसरी गोष्ट जास्त वाईट, कारण ती गप्प असते. आमच्या गावात एका बड्या शेतकऱ्यानं शेजारच्या विधवेच्या वावराचा बांध वर्षाला एक तास, वर्षाला एक तास असा कोरला. नांगराचं एक तास म्हणजे किती, वीतभर. पहिल्या वर्षी ती बाई चावडीवर बोलली. दुसऱ्या वर्षी बोलली. लोक म्हणाले, बघू. पाचव्या वर्षी ती बोलली तेव्हा लोकांना तिच्या बोलण्याचीच सवय झाली होती. “ती काय, बोलतीयाच.” वीस वर्षांत अर्धा पांड गेला असेल की एक, मोजायला कोण गेलंय? पारध्यानं पट्टा न चोरता गाव एका दिवसात पेटलं, आणि डोळ्यांदेखत जमीन चालत जात होती तर गावाचा कान गार. दोन्हीकडं कान तोच, गावाचाच.

आता कुणी म्हणेल, मग काय प्रत्येक आवाजाला खणायचं का? आयुष्य पुरेल का? हा प्रश्न खोटा नाही आणि त्याला हसण्यावारी नेणारी माणसं मला पटत नाहीत. आमचे चुलते, तात्या, पाण्याच्या नादानं संपले. पाणाड्या यायचा, तळहातावर नारळ ठेवून रानातून चालायचा, नारळ उभा राहिला की म्हणायचा, हितं पाणी. तात्यांनी चार बोअर मारले. चारही फुफाटा ओकले. दोन एकर रान त्यात गेलं. पाचव्या वेळी पाणाड्या आला तेव्हा काकूंनी दारातूनच त्याला चहा पाजून वाटेला लावलं. तात्यांना प्रत्येक आवाजाला खणायला सांगणारा त्यांचा वैरीच म्हटला पाहिजे.

म्हणून मला वाटतं, खणावं की नाही हे आवाजावरून ठरवता येत नाही. चुकलं तर किंमत कोण मोजणार, ते बघावं लागतं. म्हाताऱ्यानं दगडासाठी खणलं तर त्याची पाच मिनिटं गेली आणि कंबर दुखली. न खणता पुढं गेला तर कदाचित त्याचाच दाणा गेला. दोन्ही तोटे त्याचेच, आणि पहिला लहान. तो खणतो ते बरोबरच. तात्यांचं उलटं. खणण्याचा तोटा एवढा, की तिथं कान बंद करणं हेच शहाणपण. पण पारध्याच्या बाबतीत हिशेबाची वहीच दुसऱ्याच्या घरात होती. गावाला चुकण्याची काही किंमतच नव्हती. ज्याला चुकण्याची किंमत नाही त्याचा कान कधी सुधारत नाही, त्याला सुधारायची गरजच पडत नाही. म्हाताऱ्याचा कान चाळीस वर्षांत तयार झाला तो त्याच्या स्वतःच्या कंबरेनं केला.

यंत्र जास्त हुशार झालं तर हा पेच सुटेल, असं धाकट्याला वाटतं. तो कॉम्प्युटरवाला आहे, त्याला असं वाटणारच. दगडाचे आवाज गाळून टाकणारी सोय यंत्रात आजही आहे. म्हातारा ती फार क्वचित वापरतो. ती जास्त ताणली तर दगडाबरोबर काही सोनंही गाळलं जातं, कारण काही दाण्यांचा सूर त्या दगडांच्या सुरासारखाच असतो. शांतता हवी असेल तर काहीतरी गमवावं लागतं आणि काय गमावलं ते शांततेत कळत नाही. मी धाकट्याला म्हटलं, तुझ्या कंपनीत माणसं निवडायचं यंत्र आणलंय म्हणतोस ना, त्याला सकाळी माती कुठली दाखवली होती ते एकदा विचार. तो म्हणाला, “बाबा, तुम्ही कुठली गोष्ट कुठं नेता.” नेतो खरा. मास्तरकीची खोड.

दुसऱ्या खेपेला, निघायच्या आधीच्या आठवड्यात आम्ही वेडरबर्नच्या बाजूला गेलो होतो. दिवसभर शिशाचे छर्रे, एक तांब्याचं बटण आणि लोखंडी दगडांची बोंब. संध्याकाळी म्हाताऱ्यानं बाजूला टाकलेल्या दगडांतले पाच-सहा, ज्यांना गारगोटीची पांढरी शीर होती तेवढे, पिशवीत भरले. मी विचारलं, हे कशाला? म्हणाला, कधी कधी लोखंडी दगडाच्या पोटातच सोनं असतं. दगड म्हणून ओरडतो आणि सोनं म्हणूनही, दोन्ही सूर एकातच. कानानं वेगळं करता येत नाही.

त्याच्या परसात लोखंडाचा एक जाड खलबत्ता आहे, आपल्या मिरच्या कुटायच्या खलबत्त्याच्या चौपट. त्यात तो असे दगड घालतो आणि बसून कुटतो. मीही एक कुटला, घामाघूम झालो. मग ती भुकटी पसरट थाळीत पाण्याबरोबर घोळवायची, हलकं वाहून जाऊ द्यायचं, तळाला काय राहतं ते बघायचं. त्याच्या कपाटात काचेची एक बाटली आहे, हळदीकुंकवाच्या करंड्याएवढी, तिच्यात असं कुटून मिळालेलं सोनं आहे. तळ जेमतेम झाकलाय. किती वर्षांचं म्हणून विचारलं तर त्याला आठवेना. त्या संध्याकाळी सहाही दगड कुटून झाले, थाळी दोनदा घोळवली. तळाला काळी वाळू राहिली, माझ्या ओढ्यातल्यासारखी. त्यानं चुंबक फिरवून ती उचलली, खाली काही नव्हतं. थाळीतलं लाल पाणी त्यानं टोमॅटोच्या वाफ्यात ओतलं आणि चहाचं आधण ठेवायला आत गेला.